सातवीच्या वर्गात गृहपाठ रोज अर्धाच का येतो? बिघाड शोधण्याची आणि दुरुस्तीची एक पद्धत

तक्रार ऐकायला एकच असते: "मुलं गृहपाठ करत नाहीत हो!" शिक्षकांच्या खोलीत ती जुलैत सुरू होते, गणपतीच्या सुट्टीनंतर जोर धरते आणि दिवाळीनंतर बंद पडते, कारण तोवर सगळ्यांनीच नाद सोडलेला असतो. मधल्या काळातले उपायही ठरलेले. वहीत लाल शेरा, पालकांची सही, ग्रुपवर मेसेज, 'दहा वेळा लिहून आण'. आठवडाभर वह्या येतात आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी मुंबईत मराठी माध्यमाच्या सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. माझं मत असं की गृहपाठ बहुतेक वेळा वर्गातच बिघडतो. एक तर देताना, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो आल्यावर. घरचे अडथळे खरे आहेत, पुढे ते येतीलच. पण मुलाच्या घरातली खोली मोठी करणं आपल्या हातात नाही. ती लहान आहे हे धरून गृहपाठ ठरवणं आहे.

शिवाय 'करत नाहीत' या दोन शब्दांखाली चार वेगळे बिघाड लपलेले असतात. वहीच येत नाही, हा पहिला. वही येते पण निम्म्या वर्गाचं उत्तर स्वल्पविरामासकट एकच, हा दुसरा. तिसरा, काम सुरेख येतं पण ते आईने किंवा मोठ्या ताईने केलेलं असतं. आणि चौथा, सगळ्यात फसवा: मुलाने स्वतः केलेलं असतं, पण फळ्यापाशी बोलावलं की हातात खडू तसाच राहतो. चारही ठिकाणी 'पालकांची सही आण' हे एकच औषध दिलं की दुखणं परत परत येणारच.

आधी तक्ता करा, ओरडा नंतर

दोन आठवडे काहीही बदलू नका. फक्त नोंद ठेवा. आडव्या ओळीत मुलांची नावं, उभ्या रकान्यात तारीख आणि काय दिलं होतं ते. चौकटीत एकच अक्षर: आणला असेल तर 'आ', अर्धवट असेल तर 'अ', नसेल तर 'न', उतरवलेला दिसला तर 'उ'. हजेरी घेतानाच हे होतं, वेगळा वेळ लागत नाही. मुलांना सांगायचं नाही, आणि 'न' दिसला म्हणून त्या पंधरवड्यात काही बोलायचंही नाही. हे सगळ्यात अवघड आहे.

मग तक्ता दोन्ही बाजूंनी वाचायचा.

एखादा उभा रकाना 'न'ने भरला असेल तर त्या दिवशी दिलेल्या कामातच काही गडबड होती. पस्तीस मुलं एकाच दिवशी आळशी होत नाहीत. एखादी आडवी ओळ 'न'ने भरली असेल तर त्या मुलाकडे बघायचं. आणि शेजारी बसणाऱ्या, एकाच चाळीत राहणाऱ्या किंवा एकाच शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या ओळींत 'उ'चा पुंजका दिसला तर प्रश्नाचा प्रकार बदलायची वेळ आली आहे. सोमवारचे रकाने नेहमी रिकामे, म्हणजे 'न'ने भरलेले असतात. रविवारी गावाला, लग्नाला, देवाला जाणं असतं. सोमवारसाठी लेखी काम न देणं हा त्यावरचा सोपा उपाय, आणि तो करायला कोणाची परवानगी लागत नाही.

उभा रकाना रिकामा: काम जास्त, किंवा काम कळलंच नाही

केंद्राच्या २०२० सालच्या दप्तर धोरणात गृहपाठाचीही मर्यादा आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नको. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. हा तास सगळ्या विषयांचा मिळून आहे आणि इथेच घोळ होतो. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल: सात विषयांच्या शिक्षकांनी 'फक्त वीस मिनिटांचं' काम दिलं तरी दोन तास वीस मिनिटं होतात. प्रत्येकाचा हिशोब बरोबर असतो आणि बेरीज चुकते.

यावर उपाय स्टाफरूममधल्या एका कागदाचा आहे. आठवड्याचे वार लिहायचे आणि प्रत्येक वारी दोनच विषयांना लेखी गृहपाठाची मुभा द्यायची. बाकीच्यांनी फार तर वाचन किंवा निरीक्षण सांगावं. कागदावर भांडण होतं, होऊ द्यावं. गणिताला रोज हवं असतं, मलाही हवं होतं. रोज दोन उदाहरणं चालतात, सराव संच अख्खा चालत नाही. वेळेचा अंदाज कसा घ्यायचा? स्वतः ते काम मुलासारखं पूर्ण लिहून काढा, घड्याळ लावा आणि मिनिटांची तिप्पट करा. सातवीतल्या मधल्या मुलाला साधारण तेवढा वेळ लागतो.

दुसरं कारण घंटेचं. गृहपाठ सांगितला जातो तो तास संपताना, बाकं सरकत असताना, पुढचे शिक्षक दारात उभे असताना. मागच्या बाकावरच्या मुलाला ऐकू येतं ते 'पान क्रमांक'पर्यंत. मग रात्री नऊ वाजता ग्रुपवर "बाई, आज काय दिलंय?" सुरू होतं आणि ज्याच्या घरी फोन नाही तो सुटतो किंवा अडकतो.

गृहपाठाची पहिली आठ मिनिटं वर्गातच घ्या. तास संपायच्या दहा मिनिटं आधी शिकवणं थांबवायचं, काम फळ्यावर पूर्ण वाक्यात लिहायचं, मुलांनी ते उतरवायचं आणि पहिला प्रश्न तिथेच सोडवायला घ्यायचा. ज्याला कळलेलं नाही तो आठ मिनिटांत सापडतो. ज्याला कळलं त्याचं काम सुरू झालेलं असतं, आणि सुरू झालेलं काम घरी पुढे नेणं कोऱ्या पानापेक्षा पुष्कळ सोपं. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती मी खूपदा ऐकली आहे. पण आपण तो पुढे नेतो आणि मुलं मागेच राहतात, असं आत्ताही होतंच की!

आडवी ओळ रिकामी: मुलाला विचारायचं काय?

"का नाही केलास?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असतं: "बाई, वही घरी राहिली." त्यातून काहीही कळत नाही. त्याऐवजी माहितीचा प्रश्न विचारा.

"काल शाळेतून गेल्यावर कुठे बसला होतास?"

"खाली, पायरीवर."

"वर का नाही?"

"वर आजी झोपते. आणि काकांची नाइट असते ना, ते आठपर्यंत झोपतात."

एवढ्यात सगळं समजतं. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टीतली खोली कितीदा त्याहून लहान, आणि त्यात पाच-सहा माणसं. महापालिकेचं पाणी प्रत्येक भागात वेगळ्या वेळी येतं आणि त्या वेळी घरातलं मोठं मूल नळापाशी असतं. दुपारच्या अधिवेशनाचं, म्हणजे दुपारच्या पाळीतलं मूल संध्याकाळी साडेसहाला घरी पोचतं. सकाळी आई कामावर गेल्यावर धाकट्याला तयार करून बालवाडीत सोडणं त्याच्याकडेच. सकाळच्या अधिवेशनाच्या मुलाला दुपार मोकळी मिळते, पण घरात कोणी मोठं नसतं. एका आईने मला सरळ सांगितलं, "बाई, तुमचा मेसेज मी रात्री ट्रेनमध्ये वाचते. घरी पोचेस्तोवर तो झोपलेला असतो." यात त्या बाईंचा निष्काळजीपणा कुठे आहे?

म्हणून गृहपाठ ठरवताना मी चार गोष्टी टाळते: फोन लागेल असं काम, छापून आणावं लागेल असं काम, विकत आणायच्या सामानाचं काम आणि वाचता येणाऱ्या मोठ्या माणसाशिवाय न होणारं काम. उरतं ते मांडीवर वही ठेवून अर्ध्या-पाऊण तासात होईल असं. हे चारही टाळूनही चांगलं काम देता येतं, उलट तेच चांगलं असतं. खाली उदाहरणं आहेत.

ज्या मुलांना जागाच नाही त्यांच्यासाठी शाळेतली वीस मिनिटं शोधावी लागतात. सकाळच्या अधिवेशनात शाळा सुटल्यावर, दुपारच्या अधिवेशनात भरण्याआधी. मुख्याध्यापकांशी बोलून एक वर्ग उघडा ठेवता आला तर तिथे 'शिक्षा म्हणून थांबलेली मुलं' असा शिक्का बसू देऊ नका. ज्याला यायचं तो येईल, हुशार मुलंही येतील. वस्तीतल्या अभ्यासिका बहुधा दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या असतात. सहावीच्या पोराला तिथे कोणी सहसा उभं करत नाही.

उत्तरं सारखीच: प्रश्न बदला

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरा फरक इथे पडतो.

धड्याखालचा स्वाध्याय जसाच्या तसा दिला की उत्तर तीन ठिकाणी तयार असतं: गाइडमध्ये, शिकवणीच्या वहीत आणि फोनमध्ये. मुलाने ते उतरवलं यात नवल काय? उतरवणं हा त्या कामाचा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. पोलीसगिरी करण्यापेक्षा असा प्रश्न द्यावा की ज्याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळंच येईल. मुंबईत अशा प्रश्नांचा दुष्काळ नाही.

पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांचा साठा छापून येतो. अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. एकूण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यात एकट्या भातसाचे ७,१७,०३७ आणि तुळशीचे अवघे ८,०४६. वर्गात एकच वर्तमानपत्र आणा, आकडे फळ्यावर लिहा आणि प्रत्येक बाकाला वेगळा तलाव द्या. सहावीला शेकडेवारी आणि स्तंभालेख, सातवीला या वर्षीचा आणि गेल्या वर्षीचा साठा घेऊन जोडस्तंभालेख. वही उतरवायची म्हटली तरी शेजाऱ्याचा तलाव वेगळा.

खरा गमतीचा प्रश्न त्यानंतरचा. जुलैत 'तुळशी तलाव भरला' अशी बातमी येते आणि सगळे खूश होतात. शहराला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी लागतं असं धरलं तर भरलेला तुळशी मुंबईला किती दिवस पुरेल? मुलं भागाकार करतात आणि थांबतात. दोन दिवस! पुन्हा करून बघतात. मग भातसा: साधारण १८४ दिवस. सातही भरले तर ३७१ दिवस, म्हणजे वर्षापेक्षा थोडे जास्त. आता लेखी गृहपाठ एका ओळीचा: 'सातही तलाव सप्टेंबरअखेर भरले होते, तरी पुढच्या उन्हाळ्यात पाणीकपात का होऊ शकते? दोन कारणं लिही.' कोणी बाष्पीभवन लिहितं, कोणी गळती, कोणी 'पाऊस उशिरा आला तर'. तळाचं सगळं पाणी उपसता येत नाही, असंही एखादं पोर लिहून आणतं. आणि दर वर्षी कोणीतरी पवईचा तलाव आठवा म्हणून मोजतंच. पवईचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत हे तिथल्या तिथे सांगून टाकावं.

दुसरं उदाहरण भरतीचं. सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटी आहे आणि सहावीच्या गणितात अपूर्णांकांचा गुणाकार. दोन्ही एकत्र आणणारा एक जुना ठोकताळा कोकणपट्टीत आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असते, म्हणजे घरी लागणारं साहित्य तयार आहे. प्रत्येक मुलाला वेगळी तारीख द्या. महापालिका पावसाळ्याआधी मोठ्या भरतीच्या, म्हणजे पाणी साडेचार मीटरहून उंच चढेल अशा दिवसांची यादी जाहीर करते. तिच्यातल्या वेळा दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवा आणि आपल्या उत्तराशी ताडून बघायला सांगा. अर्धा-पाऊण तासाचा फरक निघतो. हा फरक हाच पुढचा प्रश्न. भरती दररोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणपटीचा हिशोब ४५ मिनिटं धरतो, इथपर्यंत आठवीची मुलं स्वतः येतात. वरळी, माहीम, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातलं एखादं मूल वर्गात असेल तर त्या दिवशी गुरुजी तेच. उधाणाची (मोठी) भरती आणि भांगाची (लहान) भरती यांतला फरक ते आपल्यापेक्षा चांगलं सांगतं, बाकीचे ऐकतातही.

विज्ञानाला ओला रुमाल पुरतो. सारखा पिळलेला रुमाल एकदा खिडकीत, एकदा पंख्याखाली, एकदा घडी घालून. वाळायला किती वेळ लागला ते लिहायचं. ऑगस्टमधली उत्तरं जपून ठेवा आणि तेच काम ऑक्टोबरमध्ये पुन्हा द्या. हवेतली आर्द्रता वेगळी शिकवावी लागत नाही, मुंबईच्या पोराला तर मुळीच नाही.

इतिहासात घरातली किंवा शेजारची म्हातारी माणसं कामाला येतात. परळ, लालबाग, शिवडी, वरळी, करी रोड या भागात अजून अशी माणसं भेटतात ज्यांनी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरण्यांचा संप स्वतः पाहिला. तीनच प्रश्न: तुम्ही तेव्हा कुठे काम करत होता, संपात घर कसं चाललं, त्यानंतर कोणतं काम केलंत? उत्तरं त्यांच्याच शब्दांत, दहा ओळी. आजी-आजोबा गावाला असतील तर इमारतीचे वॉचमनकाका, भाजीवाली मावशी. मग प्रश्न 'मुंबईत पहिल्यांदा कधी आणि कशा आलात' असा. हे काम फोनला विचारून मिळत नाही. एक पथ्य मात्र पाळावं: घरातला दुखरा विषय निघाला तर तो वर्गात मोठ्याने वाचायला लावू नये.

मराठीला शाळेच्या वाटेवरच्या पाच पाट्या आणि त्यांतलं शुद्धलेखन. मुलं निर्दयपणे चुका काढतात. एकदा शाळेच्याच सूचनाफलकावर सापडली होती.

फोनवरून मिळालेल्या तयार उत्तरांचं काय? ती ओळखू येतातच: सातवीच्या मुलाच्या वहीत अचानक 'बहुआयामी' आणि 'अनन्यसाधारण' येतं. मी उलटं करते. तसलं एखादं उत्तर, दोन चुका असलेलं, फळ्यावर लिहून 'चुका शोधून आण' हाच गृहपाठ देते. मुलांना दुसऱ्याची चूक काढायला भारी आवडतं.

सुरेख प्रकल्प, आईच्या हाताचा

यावर फार लिहिण्यासारखं नाही. स्टेशनरीच्या दुकानात 'प्रकल्प: प्रदूषण' असा चित्रांचा तक्ता मिळतो, झेरॉक्सवाल्याकडे मजकूर मिळतो, आणि रात्री बारापर्यंत आई कापते-चिकटवते. राज्यात २०१८ पासून थर्माकोलच्या सजावटीवर बंदी असूनही थर्माकोलचा ज्वालामुखी दर वर्षी वर्गात येतोच.

मुळात याची गरज नाही. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर शिकवता शिकवता करायच्या मूल्यमापनाची, आठ साधनतंत्रं आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर. प्रकल्प त्यांतलं एक. तलावांचा आलेख, भरतीचा तक्ता, आजोबांची मुलाखत हे सगळं उपक्रमात किंवा प्रकल्पात बसतं, नोंदवहीत लिहिता येतं. प्रकल्प द्यायचाच तर घरून फक्त माहिती आणायची आणि कागदावर मांडायचं काम वर्गात, दोन तासिका देऊन. जुनी दिनदर्शिका उलटी केली की तक्त्याचा कागद तयार. पालकसभेत हे जाहीर केलंत तर टाळ्या पडतील, विशेषतः आयांच्या बाजूने.

केलेलं, पण न कळलेलं: दुसरा दिवस

चाळीस वह्या, प्रत्येकीला दीड मिनिट, म्हणजे एका वर्गाच्या तपासणीला एक तास. तीन वर्ग असतील तर रोज तीन तास. शिक्षण हक्क कायद्यात उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण असलं तरी ज्यांच्या वर्गात साठ मुलं आहेत त्यांनी हा हिशोब न केलेलाच बरा. त्यामुळे तपासणी म्हणजे 'पाहिले' आणि सही. मुलांना आठवड्याभरात कळतं की बाई पान भरलंय एवढंच बघतात. मग ती पान भरतात.

याला दोन जोड द्यावे लागतात. पहिला असा: तास सुरू होताना फळ्यावर कालचंच एक उदाहरण, आकडे बदलून. पाव कागदावर पाच मिनिटांत सोडवायचं. स्वतःची गृहपाठाची वही उघडी ठेवायला परवानगी, शेजाऱ्याची नाही. ज्याने समजून केलं त्याला वही कामाला येते. ज्याने उतरवलं त्याच्यासमोर वही उघडी असूनही उपयोग होत नाही, आणि हे त्याचं त्यालाच दिसतं; आपल्याला काही बोलावं लागत नाही. न आणणाऱ्यालाही पहिल्यांदाच वहीची उणीव भासते. कागद गोळा करून तीन ढीग करायला मधली सुट्टी पुरते: जमलं, थोडं अडलं, नाही कळलं. तिसऱ्या ढिगातली मुलं त्या दिवशी पुढच्या बाकांवर. लाल पेन रोज पाचच वह्यांवर चालवायचं, पण नीट, वाक्य लिहून. कोणत्या पाच ते आदल्या दिवशी सांगायचं नाही.

दुसरा जोड आठवड्याने. मागच्या आठवड्यातलं एक उदाहरण, या वेळी वही बंद. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात असं दिसलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं येतंय असं वाटणाऱ्या मुलाचं पुढे काय होतं, ते यातून समजतं.

शिक्षेबद्दल दोन वाक्यं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे. आणि 'दहा वेळा लिही' हा गृहपाठ न करणाऱ्याला दिलेला आणखी एक गृहपाठ आहे, तोही तो करणार नाही.

पालकांच्या ग्रुपचा नियम साधा ठेवा. फळ्याचा एक फोटो, शाळा सुटल्याबरोबर. त्यावर चर्चा नाही, आणि 'अमक्याने आणला नाही' अशी नावं तर कधीच नाहीत. फोटो फक्त गैरहजर मुलांसाठी आहे असं समजायचं. हजर मुलांकडे काम वहीत लिहिलेलं असलंच पाहिजे.

एवढं करूनही उरणाऱ्या ओळी

वरचे बदल महिना-दीड महिना चालवले की बहुतेक 'न'चे 'आ' होतात. तरीही तीन-चार ओळी तशाच राहतात. तिथे गृहपाठाचा प्रश्न संपलेला असतो आणि दुसरा सुरू झालेला असतो.

पहिली तपासणी डोळ्यांची. मूल फळ्यावरचं चुकीचं उतरवतं का? ३ चा ८ होतो, ओळ सुटते, शेजारच्या वहीत डोकावतं, डोळे बारीक करतं? त्याला पहिल्या बाकावर बसवून आठवडाभर फरक बघा. फरक पडला तर पालकांना बोलावून डोळे तपासायला सांगा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं त्या दिवशी ही नावं आधीच काढून ठेवा, नाहीतर गर्दीत तीच मुलं नेमकी गैरहजर असतात.

दुसरी तपासणी वाचनाची. एकट्याला बाजूला घ्या आणि तिसरी-चौथीच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला द्या. सातवीत असून जोडाक्षरांना अडखळणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात. त्यांनी ते इतकी वर्षं कौशल्याने लपवलेलं असतं. वही विसरणं हाही लपवण्याचाच एक प्रकार. अशा मुलाला विज्ञानाचे पाच प्रश्न लिहून आणायला सांगण्यात अर्थ नाही. त्याचा गृहपाठ तोंडी करा: ओल्या रुमालाचं निरीक्षण करून ये आणि मला सांग, मी लिहिते. त्याने सांगितलेली तीन वाक्यं आपण त्याच्या वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशीचा गृहपाठ तीच तीन वाक्यं वाचून येणं. स्वतःच बोललेलं असल्याने ते वाचता येतं. पुढच्या आठवड्यात चार वाक्यं, त्यातलं एक त्याने लिहिलेलं.

वर्गाला याचं कारण सांगत बसू नका. कोणी विचारलंच की "बाई, त्याला वेगळा गृहपाठ का?", तर तलाव प्रत्येकाचा वेगळा होता, तसंच हे, एवढं उत्तर पुरतं. मात्र हे काम एकट्या वर्गशिक्षकाच्या गळ्यात टाकू नये. भाषेच्या शिक्षकांशी बोलून आठवड्यातल्या दोन तासिकांमधली दहा-दहा मिनिटं या मुलांसाठी मागून घ्या, आणि कोणी दिली, कोणी दिली नाही ते स्टाफरूममधल्या त्याच कागदावर लिहून ठेवा.